मे महिन्यात घर बदलायचं आणि तंबूही ठोकायचा: एकाच सुट्टीत दोन्ही जमवायचं कसं

भाड्याचा करार मेअखेर संपतोय, मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये आटोपतायत, शाळा जूनच्या मध्यावर उघडणार, आणि भंडारदऱ्याला काजवे बघायला न्यायचं मुलांना गेल्या वर्षीच कबूल केलंय. पुण्या-मुंबईकडच्या कितीतरी घरांत उन्हाळ्याची सुट्टी अशीच कोंडलेली असते. मग ठरलेलं वाक्य येतं: "घर बदलायचंय, यंदा कुठलं फिरणं?" आणि काजवे पुढच्या वर्षावर जातात.

माझं मत वेगळं आहे. घर हलवणं आणि कॅम्पिंग ही दोन कामं धरली की दोन्ही अंगावर येतात. एकच काम धरलं की निम्मा भार कमी होतो. जुन्या घरातली शेवटची रात्र, नव्या घरातल्या पहिल्या दोन रात्री आणि तंबूतला मुक्काम या तिन्हींना लागणारं सामान जवळजवळ सारखंच असतं: अंथरूण-पांघरूण, एक शेगडी, चार भांडी, बॅटरी, पाणी, औषधं आणि कपड्यांचे मोजके जोड. ते एकदाच नीट भरायचं आणि तिन्ही ठिकाणी तेच उघडायचं. पुढची सगळी आखणी या एका पेटाऱ्याभोवती फिरते.

आधी तारखा पक्क्या करा

सुरुवात टेम्पोपासून करू नका, काजव्यांपासून करा, कारण टेम्पो पुढेमागे होतो, काजवे होत नाहीत. भंडारदऱ्याच्या परिसरात ते साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दिसतात. वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की संख्या वाढते आणि मोसमी पाऊस जोरात लागला की खेळ संपला. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात, पण २०२५ साली तो २६ मेलाच येऊन बसला. तेव्हा जूनच्या दहा-बारा तारखेवर विसंबू नका. अमावस्येच्या आसपासचे दिवस मिळाले तर उत्तम, चांदणं कमी असलं की झाडं जास्त लखलखतात. शनिवार-रविवार तर टाळाच. त्या दोन रात्री धरणाभोवतीच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांपुढे काजवे दिसतच नाहीत.

ती तारीख धरून मागे या. त्याआधी निदान आठवडाभर घर हललेलं असलं पाहिजे. म्हणजे सामान मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात न्यायचं. उलट क्रम अजिबात करू नका. कॅम्पिंगहून मातकट कपडे घेऊन परत आलात आणि घरी वॉशिंग मशीन फोममध्ये गुंडाळलेलं असलं, की पुढचे चार दिवस घरात कुणी कुणाशी सरळ बोलत नाही.

इथे पैशांचा प्रश्न येतो. करार ३१ मेपर्यंत आहे आणि नव्या घराचं भाडं १५ मेपासून सुरू केलं तर दोन आठवडे दोन्हीकडे भरावे लागतात. नव्या घरमालकाशी बोलून हे दहा दिवसांवर आणता येतं. महिना २४,००० रुपये भाडं असेल तर दहा दिवसांचे आठ हजार होतात. डोळ्यांवर येणारा आकडा आहे, मान्य. पण महिनाअखेर आणि एक तारीख या दोन दिवशी अर्धं शहर घर बदलत असतं, हमाल आणि टेम्पो म्हणतील तो भाव. मधल्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार धरला तर त्या आठ हजारांतला बराचसा भाग तिथेच वसूल होतो, शिवाय जुनं घर सावकाश झाडून-पुसून हातात देता येतं.

घरात आजींना मुहूर्त हवा असेल तर त्यावर वाद घालू नका. मुहूर्ताच्या दिवशी देव, पाण्याने भरलेला कलश, मीठ आणि तांदूळ घेऊन सगळ्यांनी नव्या घरी जावं, शेगडीवर दूध उतू घालवावं, नैवेद्य दाखवून परत यावं. टेम्पो नंतरच्या बुधवारी येऊ दे. मुहूर्त प्रवेशाला असतो, फ्रीज उतरवायला लागत नाही. अक्षय्य तृतीयेला टेम्पो शोधणाऱ्यांची गर्दी बघितलीत तर हे लगेच पटेल.

कागदपत्रं: एप्रिलमध्येच

शाळा बदलणार असेल तर शाळा सोडल्याचा दाखला पहिलं काम. मे महिन्यात शाळेचं ऑफिस उघडं असलं तरी सही करणारे मुख्याध्यापक गावाला असतात. निकालाच्या दिवशीच अर्ज देऊन या, आणि दाखल्यावरचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख तिथेच उभं राहून वाचा.

नव्या घराचा करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करणं आणि नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदवला नाही आणि पुढे वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. तरीही एजंट "नोटरी करून टाकू" म्हणतो तेव्हा पुष्कळजण मान डोलावतात. करू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असतं, त्यात अनामत रकमेवरच्या १० टक्के काल्पनिक व्याजाची थोडी भर पडते. २४,००० भाडं, ११ महिने आणि एक लाख अनामत असेल तर हे सगळं मिळून सातशेच्या घरात जातं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंटाने याच्या कितीतरी पट सांगितले तर वरचे पैसे त्याच्या फेऱ्यांचे आहेत, सरकारचे नाहीत, एवढं डोक्यात ठेवून घासाघीस करा. हा नोंदणीकृत करार पुढे आधारवरचा पत्ता बदलताना आणि बँकेत कामाला येतो. मतदारयादीसाठी फॉर्म ८ भरायचा. पोलिसांकडची भाडेकरूची नोंद घरमालकाने करायची असते, पण पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.

गॅसचं काम लोक शेवटपर्यंत ठेवतात आणि मग इंडक्शनवर पोळ्या भाजत बसतात. त्याच शहरात राहणार असाल आणि फक्त वितरक बदलत असेल, तर सिलिंडर आणि रेग्युलेटर परत द्यावे लागत नाहीत, ट्रान्सफरची नोंद करून नव्या वितरकाकडे जायचं. दुसऱ्या गावी जाणार असाल तर दोन्ही जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं, अनामत परत मिळते. मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर, म्हणजे जोडणी घेताना मिळालेला कागद, कुठे आहे ते आजच शोधा. बहुधा लग्नाच्या अल्बमजवळच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल. नव्या इमारतीत पाइपचा गॅस असला तरी जोडणी आपल्या नावाने सुरू व्हायला वेळ लागतो, तोवर सिलिंडर सोडू नका.

विजेच्या मीटरचा फोटो दोन्ही घरी काढा, आकडे आणि तारीख दिसतील असा. जुन्या घराच्या भिंती, नळ, खिडक्या, गीझर यांचेही, रिकामं झाल्यावर. अनामत परत घेताना हे फोटो जेवढं बोलतात तेवढं आपण बोलू शकत नाही.

नव्या घराचं पाणी आणि दार

सामान हलवायच्या आधी नव्या घरी फीतपट्टी घेऊन एकदा जा. लिफ्टचं दार, घराचं दार आणि जिन्याचं वळण मोजा, मग फ्रीज, कपाट आणि सोफा मोजा. सोफा दारातून जात नाही हे चौथ्या मजल्यावर कळण्यात काही मजा नाही.

त्याच फेरीत वॉचमनला दोन प्रश्न विचारा. पाणी कधी येतं? सामान कोणत्या वेळात चढवू देतात? मे महिन्यात पाणीकपात चालू असते, कित्येक सोसायट्या टँकरवर असतात, आणि तुम्ही पोचाल दुपारी दोनला, जेव्हा नळ कोरडे. आदल्या दिवशी जाऊन दोन पिंपं आणि बादल्या भरून ठेवा. घर पुसायलाही पाणी लागतं. दुपारी १ ते ४ सामानाची लिफ्ट बंद ठेवणाऱ्या सोसायट्याही आहेत, टेम्पो खाली उभा राहिला तर थांबण्याचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

बांधाबांध

मूव्हर्स बोलावणार असाल तर सामान बघायला माणूस घरी आलाच पाहिजे. फोनवर दिलेला भाव भाव नसतो. जिना किती मजले, कपाट उघडून जोडणं, खोक्यांची संख्या, विमा हे सगळं कागदावर घ्या. आमच्याकडे एका वेळी अर्धं सामान टेम्पोत चढल्यावर "दुसरा मजला सांगितला नव्हता" असं सुरू झालं होतं. कागद होता म्हणून दहा मिनिटांत मिटलं. जवळच जायचं असेल आणि घर लहान असेल तर 'छोटा हत्ती'च्या दोन-तीन खेपा आणि ओळखीचे दोन हमाल पुरतात, फक्त बांधणं सगळं आपल्याला करावं लागतं.

पुस्तकं लहान खोक्यांत. हा एकच नियम पाळलात तरी हमाल तुम्हाला दुवा देतील. काचेची भांडी गुंडाळायला वर्तमानपत्रं गोळा करत बसू नका, चादरी, टॉवेल, जुन्या सुती साड्या वापरा, त्या न्यायच्याच आहेत. पातेल्यांत पातेली आणि त्यांच्या मध्ये नॅपकिन. खोक्यावर वर नाही, बाजूला लिहा, कारण खोकी एकावर एक रचली की वरचं लिहिलेलं दिसत नाही. "किचन" एवढं लिहून भागत नाही, "किचन, रोजची भांडी" आणि "किचन, दिवाळीची भांडी" यांत फार फरक आहे.

धान्य-किराणा महिनाभर आधी भरणं थांबवा. असलेलं संपवत न्या. शेवटच्या आठवड्यात घरात थालीपिठाची भाजणी, मेतकूट-भात आणि उरलेल्या डाळींची मिश्र आमटी यांवर जेवण चालतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आता उन्हाळ्याची खास अडचण: वाळवण आणि लोणचं. पापड-कुरडयांचे डबे घट्ट झाकण लावून कपड्यांच्या खोक्यात मधोमध बसवा, म्हणजे चुरा होत नाही. लोणच्याची बरणी मात्र टेम्पोत जाऊ देऊ नका, मूव्हर्सने कितीही सांगितलं तरी. चिनीमातीच्या बरणीत तेल वरपर्यंत आलेलं असतं, एका स्पीडब्रेकरला ते झाकणातून झिरपतं आणि शेजारच्या खोक्यातल्या दुलया कायमच्या लोणच्याच्या होतात. वरचं तेल स्वच्छ कोरड्या पळीने वाटीभर काढून बाटलीत भरा, खार फोडींच्या वर राहील एवढंच ठेवा. बरणीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर झाकण, त्यावर दादरा बांधा, आणि बरणी पातेल्यात उभी ठेवून गाडीत पायाशी घ्या. पोचल्यावर तेल परत ओता. यंदाचं लोणचं अजून घातलेलंच नसेल तर नव्या घरीच घाला. कैऱ्या जूनच्या पहिल्या आठवड्यातही मिळतात.

यंत्रांचं थोडक्यात. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून रिकामा आणि कोरडा करा, उभाच न्या. वाटेत आडवा करावा लागला असेल तर पोचल्यावर चार-पाच तास तरी उभा ठेवून मग चालू करा. फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या पाठीमागे ड्रम धरून ठेवणारे ट्रान्झिट बोल्ट लागतात. ते मशीन आलं तेव्हा मेकॅनिकने काढून तुमच्या हातात दिले होते, शोधा. एसी काढणारा माणूस आधी गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घेतो की नाही हे बघा, नाहीतर नव्या घरी गॅस भरण्याचं वेगळं बिल येतं. इन्व्हर्टरची बॅटरी कायम उभी. गॅस सिलिंडर मूव्हर्स घेत नाहीत, ती सोय आपली आपण करायची.

मुलांना "तुमचं तुम्ही भरा" म्हणून मोकळं सोडू नका आणि सगळं आपणही भरू नका. प्रत्येकाला एक खोकं, त्यात काय जाईल ते त्याने ठरवायचं, झाकण बंद झालं की विषय संपला. आजी-आजोबांना सामान हलायच्या दिवशी आत्याकडे किंवा मावशीकडे पाठवा. धूळ आणि मे महिन्याचं ऊन त्यांना सोसत नाही, आणि "ते स्टूल टाकू नका" हा आवाज जिन्यातून येत राहिला की कामही पुढे सरकत नाही. नव्या घरात त्यांच्या बाथरूममध्ये पकडायला दांडा बसवून घ्या, तेही सामान येण्याआधी.

पेटारा

पत्र्याची ट्रंक असेल तर फारच छान, नसेल तर झाकणाची मोठी प्लॅस्टिकची पेटी. पाच माणसांच्या घराला एक पेटी आणि एक अंथरुणांची वळकटी पुरते. ही सर्वांत आधी भरायची आणि तिच्यावर लाल चिकटपट्टी लावायची. टेम्पोत ती चढवायची नाही, आपल्या गाडीतून न्यायची.

- लहान गॅस शेगडी आणि लायटर, एक कुकर, एक पातेलं, तवा, चाकू, पळी, चहाची गाळणी
- स्टीलची ताटं, वाट्या, पेले (माणसांएवढेच), भांडी घासायचा साबण आणि काथ्या
- चहा-साखर, दुधाची पावडर, मीठ, तिखट, हळद, तेलाची छोटी बाटली, खिचडीचे डाळ-तांदूळ मोजून
- डोक्याला लावायच्या बॅटऱ्या, पॉवर बँक, एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड
- दोरी, चिकटपट्टी, कात्री, पाना, स्क्रू-ड्रायव्हर, हातोडी, सहा इंची लोखंडी खिळे
- औषधं: रोजची सर्वांची पंधरा दिवसांची, ओआरएसच्या पुड्या, पॅरासिटामॉल, जखमेची पट्टी, डासांचं मलम
- पाच-सहा लिटरचे पाण्याचे कॅन, नळाची तोटी असलेले
- कचऱ्याच्या पिशव्या, जुनी फडकी, टॉयलेट पेपर

दागिने, मूळ कागदपत्रं आणि चेकबुक यात नकोत. ते एका माणसाच्या खांद्यावरच्या पिशवीत, आणि ती पिशवी त्या दिवशी खाली ठेवायची नाही.

पेटाऱ्याचा फायदा पहिल्याच रात्री कळतो. नव्या घरी तीस-चाळीस खोकी, कपाटं न जोडलेली, पंखा एकाच खोलीत. अशा वेळी दिवाणखान्याच्या मधोमध तंबू ठोका. खरंच. घुमटासारखा, स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा तंबू असेल तर फरशीवर खिळ्यांची गरज नसते. नवीन जाळ्या बसेपर्यंत त्याच्या जाळीमुळे डास लागत नाहीत, मुलं हट्ट करून त्यात झोपतात आणि मोठ्यांना पलंग जोडायला वेळ मिळतो. कुठली काडी वाकलीय, कुठली चेन अडकतेय, कोणत्या गादीतून हवा जातेय हे सगळं घरातच कळतं. भंडारदऱ्याला काळोखात कळण्यापेक्षा बरं. तंबू भाड्याने घेणार असाल तर हा भाग सोडून द्या, बाकी पेटारा तसाच.

मग उघडायच्या क्रमाचं एकच धोरण ठेवा: स्वयंपाकघर आणि बाथरूम पूर्ण, झोपायच्या जागा पुरत्या, शाळेची दप्तरं-गणवेश एका ठिकाणी, बाकी खोकी भिंतीला लावून बंद. कॅम्पिंगला जाण्याआधी सगळं घर लावून व्हायलाच हवं हा आग्रह सोडला नाहीत तर काजवे हुकतात. शोकेस जुलैत लावता येतं, बाहेर पाऊस असतो तेव्हा.

भंडारदऱ्याला

मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी, बारी करत शेंडीला पोचायचं. पुण्याहून नाशिक रस्त्याने संगमनेर, तिथून अकोले, राजूर, शेंडी. दोन्हीकडून पाच तास धरून चाला, म्हणजे मुलं भांडली तरी वेळापत्रक बिघडत नाही. शेंडी हे जलाशयाच्या काठचं मुख्य गाव. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी ही जलाशयाभोवतीची गावं, आणि बऱ्याच ठिकाणी गावकरी स्वतःच्या शेतात तंबू लावून देतात. सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, त्यामुळे नाक्यावर प्रवेश शुल्क आणि रात्री फिरण्याची वेळ ठरलेली असते, ती ज्याच्याकडे उतरणार त्याला आधी फोन करून विचारा. त्याच फोनवर संडास कसा आहे तेही विचारा. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्यासाठी त्याच घरातली एक खोली घ्या, तंबूचा हट्ट त्यांच्यावर नको.

दुपारी उन्हात तंबू ठोकण्यात अर्थ नाही, आत भट्टी होते. पाचनंतर ठोका. मेमधली जमीन एवढी कडक असते की तंबूबरोबर आलेल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या पहिल्याच ठोक्याला वाकतात. सहा इंची खिळे त्यासाठी. तेही जात नसतील तर दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. जागा किंचित उताराची, डोकं वरच्या बाजूला. कोरड्या ओढ्यात नको, वाळलेल्या फांद्यांच्या झाडाखाली नको. खाली अंथरायचं प्लॅस्टिक तंबूच्या तळापेक्षा थोडं लहानच ठेवा, बाहेर डोकावलं तर पावसाचं पाणी त्यावरून तळाखाली येतं. आकाश निरभ्र असलं तरी बाहेरचं आच्छादन लावूनच ठेवा, वळीव सांगून येत नाही.

वळवाबरोबर वीज येते, आणि ती खरी काळजीची गोष्ट. चमकल्यानंतर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज जवळ आहे. सगळ्यांनी गाडीत किंवा पक्क्या घरात जाऊन बसायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' हे विजेचा इशारा देणारं ॲप फोनमध्ये असू द्या.

विंचू-सापाची भीती घालू नका, सवय लावा. बूट तंबूच्या आत, घालण्याआधी झटकायचे. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नाही. दगड उचलून बघायचे नाहीत. विंचू चावला तर मंत्र-औषधी पाल्यांत वेळ घालवू नका. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात लहान मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून ते प्रमाण खाली आणलं, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती याच आयुष्यभराच्या कामासाठी. औषध वेळेत मिळणं महत्त्वाचं. साप चावला तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काही करायचं नाही, तो अवयव हलू न देता दवाखाना गाठायचा. १०८ क्रमांक सगळ्यांना पाठ हवा, आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं ते उतरल्याबरोबर विचारून ठेवायचं.

धरणाकडे मुलं धावणारच. प्रवरेवरचं हे धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं, जुनं नाव विल्सन डॅम, आणि मागचा जलाशय म्हणजे आर्थर लेक. मे महिन्यात पाणी खूप मागे गेलेलं असतं आणि काठाला वरून सुकलेला, खाली ओला गाळ असतो. पाय गुडघ्यापर्यंत रुततो. पोहणं नाही, पाय बुडवणंही स्थानिक माणूस बरोबर असेल तरच.

जेवण सगळं स्वतः करायच्या फंदात पडू नका. रात्री गावातल्या घरी सांगून ठेवलंत तर नागलीची नाहीतर तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळतो, पैसेही त्याच गावात राहतात. वाटेसाठी दशम्या करून न्या, दुधात भिजवलेल्या कणकेच्या असल्यामुळे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, भडंग. सकाळचा चहा आणि एक वेळची खिचडी पेटाऱ्यातल्या शेगडीवर, तंबूच्या बाहेर. आत शेगडी किंवा निखारे कधीही नाहीत, थंडी वाजली तरी. शेकोटी यजमानाने दाखवलेल्या जागीच, कारण वाळलेल्या गवतात एक ठिणगी वणव्याला पुरते. करवंदं आणि जांभळं याच दिवसांत मिळतात, रस्त्यावर पानाच्या द्रोणात विकणाऱ्या बायकांकडून घ्या.

आता काजवे. अंधार पूर्ण पडल्यावर, साधारण साडेसातनंतर, गावातल्या माणसाबरोबर चालत जा. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशी झाडं ते निवडतात. नर उडता उडता लुकलुकतो, मादी बसल्या जागेवरून उत्तर देते, त्यांची जोडी जमवण्याची सगळी भिस्त या उजेडावर असते. पांढरी बॅटरी किंवा मोबाइलचा फ्लॅश मारला की तो संवादच तुटतो. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद रबरबँडने लावा आणि तीही पायाशीच धरा. गाडीतून बघायचा हट्ट नको. काजवे पकडून बाटलीत घालू नका, पहिल्या दहा मिनिटांत मुलं हे मागणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-एक मिनिटं लागतात. एवढा वेळ मोबाइल खिशात राहिला तर एकाच लयीत उजळणारं-विझणारं अख्खं झाड दिसतं. फोटो चांगला येत नाही, त्यात वेळ घालवू नका.

परत आल्यावर

पेटारा त्याच संध्याकाळी रिकामा करा. तंबू नव्या घराच्या गॅलरीत किंवा गच्चीवर पूर्ण उलगडून दोन दिवस उन्हात ठेवा, कारण जूनमध्ये दमट तंबू गुंडाळला की पंधरवड्यात त्याला बुरशी आणि कुबट वास येतो. आत वर्तमानपत्राचा कागद घालून सैल गुंडाळा. शेगडीचे डबे गाडीच्या डिकीत राहिले असतील तर आधी ते काढा, उन्हात तापलेल्या गाडीत गॅसचा डबा ठेवायचा नसतो. औषधं घरच्या डब्यात जातील, खिळे आणि हातोडी पडदे लावायला लागतील, एक्स्टेन्शन बोर्ड कुणीतरी आधीच पळवलेला असेल.

शाळेला आठवडा उरलेला असतो. त्यात क्रम असा ठेवा: मुलांची शाळेची गाडी नव्या पत्त्यावर कुठे थांबणार ते ठरवणं, दूधवाला आणि पेपरवाला लावणं, रेनकोट-छत्र्या कुठल्या खोक्यात आहेत ते शोधणं, खिडक्यांच्या फटींतून पाणी येतं का हे पहिल्या सरीला बघून घरमालकाला फोटो पाठवणं. जुन्या घराची किल्ली आणि अनामत यांचा व्यवहार एकाच बैठकीत, समोरासमोर, पैसे खात्यात आल्यावर किल्ली टेबलावर.